चौदाशे वर्षांची मालिका आणि प्रेक्षकाची घाई

दीर्घकाळ चालणाऱ्या कोणत्याही कथेचा प्रेक्षक दोन तक्रारी उराशी बाळगून असतो आणि त्या बोलून दाखवल्याशिवाय कथा पाहिल्याचे समाधान त्याला लाभत नाही. पहिली तक्रार गतीची, म्हणजे गोष्ट पुढे सरकत नाही अशी. दुसरी पात्रांची, म्हणजे ज्याच्यासाठी बसलो त्याला सोडून भलतीच मंडळी पडद्यावर ठाण मांडून बसली आहेत अशी. सध्या या दोन्ही तक्रारी सर्वांत मोठ्या आवाजात ऐकू येतात त्या जपानी ॲनिमेच्या चाहत्यांकडून. ॲनिमे म्हणजे जपानमध्ये तयार होणारी चलच्चित्रांची मालिका, जिच्यातील माणसांचे डोळे मोठे आणि केस निळे-गुलाबी असले तरी दुःखे बहुधा ओळखीची असतात. तथापि या तक्रारींचे स्वरूप तपासण्यासाठी टोकियो गाठण्याची आवश्यकता नाही. दौंड–मनमाड लोहमार्गावर, अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात, गोदावरीच्या काठी वसलेल्या पुणतांब्याला उतरले तरी काम भागते, कारण मराठी परंपरेतील सर्वाधिक काळ चाललेल्या चरित्राचा शेवट या गावात झाला आहे आणि त्या चरित्राच्या नायकाला त्याच्याच गोष्टीत किती जागा मिळाली, हा प्रश्न अजून कोणी नीटसा विचारलेला नाही.

प्रथम ॲनिमेचा विचार करणे सोयीचे ठरेल. ‘वन पीस’ हे या प्रकारातील सर्वांत ठळक उदाहरण होय. इइचिरो ओदा यांची ही चित्रकथा जुलै १९९७ पासून ‘वीकली शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, आणि २० ऑक्टोबर १९९९ पासून तोएई ॲनिमेशन या संस्थेने तिच्यावर मालिका सुरू केली. मालिकेचे अकराशेहून अधिक भाग झाले. नायक लुफी याला समुद्री चाच्यांचा राजा व्हायचे आहे आणि तो अद्याप झालेला नाही. या विलंबामागे आळस नसून साधे गणित आहे. साप्ताहिकात एका वेळी सतरा ते एकोणीस पानांचे एक प्रकरण येते, लेखकाला मधूनमधून सुट्टीही लागते, आणि मालिकेला मात्र २०२५ अखेरपर्यंत आठवड्यागणिक सुमारे चोवीस मिनिटे भरून काढावी लागत. मालिका वेगाने धावली तर ती मूळ कथेला मागून येऊन गाठणार आणि पुढे दाखवायला काही उरणार नाही, म्हणून ती मुद्दाम रेंगाळे. जे प्रकरण शाळकरी मुलगा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता वाचून संपवतो, त्यावर एक संपूर्ण भाग काढला जाई.

हे कसे साधले जाई, ते जवळून पाहण्याजोगे आहे. आरंभी शीर्षकगीत असते. मग मागील भागाचा गोषवारा येतो, जो पाहून मागील भाग न पाहिलेल्या माणसाला काही कळत नाही आणि पाहिलेल्याला नवे काही मिळत नाही. त्यानंतर नायक मूठ उगारतो. मूठ उगारलेली असतानाच त्याच्या सोबत्यांचे चेहरे एकेक करून दिसतात, प्रत्येकजण आपापल्या आवाजात ‘लुफी!’ असे ओरडतो, मग शत्रूपक्षातील दुय्यम मंडळी ‘अशक्य!’ असे उद्गारतात, मग ज्याच्यावर मूठ उगारली आहे त्याला आपले बालपण आठवते, आणि ते बालपण पावसाळ्यात गेलेले असल्यामुळे पाऊसही पुरेसा पडू दिला जातो. मध्यंतरानंतर तीच मूठ दुसऱ्या बाजूने दिसते. ती शत्रूच्या नाकापासून वीतभर अंतरावर पोहोचली की भाग संपतो, आणि पुढील भागाची झलक म्हणून ती मूठच पुन्हा दाखवली जाते.

या तंत्राचा उच्चांक मात्र ‘वन पीस’चा नसून ‘ड्रॅगन बॉल झी’चा आहे. तिच्यातील खलनायक फ्रीझा हा नामेक नावाच्या ग्रहाच्या गाभ्यावर प्रहार करून हा ग्रह पाच मिनिटांत फुटेल असे घोषित करतो, आणि १९९१ साली जपानी प्रेक्षकांनी ती पाच मिनिटे सुमारे दहा भागांत, म्हणजे दोन महिन्यांहून अधिक काळ, पाहिली. त्या अवधीत नायक व खलनायक यांनी एकमेकांना मारले, दम खाल्ला, एकमेकांच्या स्वभावावर प्रदीर्घ मते व्यक्त केली, पुन्हा मारले, आणि ग्रह बिचारा फुटण्याच्या तयारीत ताटकळत राहिला. सरकारी कचेरीतील ‘पाच मिनिटांत साहेब येतील’ या आश्वासनाशी परिचय असलेल्या मराठी माणसाला यात काही वावगे वाटण्याचे कारण नाही. आश्चर्य एवढेच की ग्रह शेवटी खरोखरच फुटला.

रेंगाळण्याने भागत नाही तेव्हा दुसरा उपाय योजला जातो, त्याला चाहत्यांच्या परिभाषेत फिलर म्हणतात. फिलर म्हणजे मूळ चित्रकथेत नसलेले, वेळ काढण्यासाठी मालिकेने पदरचे घातलेले प्रकरण, ज्यात कितीही भीषण संग्राम झाला तरी शेवटी सर्वकाही पूर्ववत व्हावे लागते, कारण मूळ कथेला त्याचा पत्ता नसतो. २००२ ते २००७ या काळात चाललेल्या ‘नारुतो’च्या २२० भागांपैकी अखेरचे ऐंशीहून अधिक भाग जवळपास सलग याच स्वरूपाचे होते, आधीच्या कथेत जिवलग मित्र घर सोडून गेलेला, त्याला परत आणण्याची शपथ घेतलेली, आणि नायक मात्र दीड वर्षाहून अधिक काळ शेजारपाजारच्या गावांतील किरकोळ भानगडी मिटवत हिंडत होता. चाहत्यांनी कोणते भाग गाळले तरी चालतील याच्या याद्या तयार केल्या. ‘वन पीस’च्या काही चाहत्यांनी तर स्वतःच कात्री हाती घेऊन, लांबण काढून टाकलेल्या आटोपशीर आवृत्त्या बनवल्या. ज्या कथेबद्दल इतकी तक्रार आहे ती सोडून देण्याऐवजी तिच्यावर फुकट मेहनत करणारा हा वर्ग मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावा.

आता मराठी दैनंदिन मालिकेकडे वळता येईल. पुणतांब्यातील एखाद्या घराची कल्पना करावी, जिथे नातू मोबाइलवर ॲनिमे पाहतो आणि आजी टीव्हीवर मालिका पाहते, आणि दोघेही एकमेकांच्या आवडीला मनापासून हसतात. आजीच्या पडद्यावर दारावरची बेल वाजते. सून आरतीचे ताट घेऊन दार उघडते. दारात कोण आहे ते तिला दिसते, प्रेक्षकाला दिसत नाही. ताट हातातून निसटते आणि तीन वेगवेगळ्या कोनांतून तीनदा पडते, कुंकू फरशीवर सांडते, आणि दिवाणखान्यात योगायोगाने हजर असलेल्या नऊ माणसांचे चेहरे, प्रत्येकी एक असा ढोलाचा दणका देऊन, दाखवले जातात. जाहिराती होतात. जाहिरातींनंतर ताट पुन्हा पडते. हे शनिवारी घडते. सोमवारी दारातला माणूस कुरिअरवाला निघतो. ‘अगं, पण ताट टाकायची काय गरज होती?’ असे आजी म्हणते, आणि नातू आपल्या मुठीवरची नजर न काढता हसतो.

या लांबणीचे कारण मात्र जपानी कारणाच्या नेमके उलट आहे. ॲनिमे रेंगाळते ते मूळ कथा अजून लिहून झालेली नसते म्हणून. मालिका रेंगाळते ती तिची मूळ कथा केव्हाच संपलेली असते म्हणून. मालिकेचे भवितव्य टीआरपीवर ठरते. टीआरपी म्हणजे निवडक घरांतील टीव्हींना यंत्रे जोडून कोणता कार्यक्रम किती पाहिला गेला याचा काढलेला अंदाज, आणि त्याचे आकडे आठवड्याच्या आठवड्याला, गुरुवारी, हाती येतात. आकडा चांगला असेल तर कथा संपवण्याचे धाडस कोणी करत नाही आणि वाईट असेल तर कथा नीट संपवायला कोणी वेळ देत नाही. ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २०१३ च्या जानेवारीत संपली तेव्हा तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले होते, म्हणजे भागसंख्येच्या बाबतीत रोहिणी हट्टंगडी यांच्या आशालता देशमुखांनी लुफीला केव्हाच मागे टाकले आहे. चार दिवसांना अकरा वर्षे लागली, तर नामेकवरच्या पाच मिनिटांना दोन महिने लागले यात तक्रारीला जागा कुठे उरते?

गतीच्या तक्रारीचा मराठीतील मान मात्र ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३–१६) या झी मराठीवरील मालिकेकडे जातो. श्री आणि जान्हवी यांचे प्रेम, लग्न आणि श्रीच्या घरातील सहा सासवा यांवर महाराष्ट्र मनापासून लुब्ध होता. पण जान्हवीला दिवस गेले आणि ते काही केल्या भरेनात, तेव्हा तिच्या बाळंतपणावर इतके विनोद फिरले की मालिका न पाहणाऱ्यांनाही महिने तोंडपाठ झाले. निसर्गाने नऊ महिन्यांत आटोपण्याची पद्धत घालून दिलेली गोष्ट टीआरपीच्या हवाली केली की काय होते, याचे ते प्रात्यक्षिक होते. अशा वेळी मालिकेला वाचवणारा उपाय म्हणजे लीप, अर्थात कथेने एका रात्रीत पाच-सात वर्षांची उडी मारणे, ज्यात मुले मोठी होतात, नायकाच्या कानशिलावर दोन पांढरे केस येतात, आणि सासू होती तशीच राहते. जपानी मालिका एका दिवसाला वर्षे लावते आणि मराठी मालिका वर्षांना एक जाहिरात लावते. कालगणनेच्या दोन्ही पद्धती तितक्याच अशास्त्रीय आहेत.

येथवरच्या विवेचनावरून चाहत्याचा रोष काळावर आहे असे वाटेल, पण ते पूर्णतः खरे नाही. गतीची बहुतेक तक्रार ही वेषांतर केलेली पात्राची तक्रार असते. लाडके पात्र समोर असेल तर प्रेक्षक तासभर काहीही घडले नाही तरी हूं की चूं करत नाही; दुसऱ्याचे बालपण सुरू झाले की मात्र त्याला घड्याळ आठवते. ‘वन पीस’मधील ड्रेसरोझा हे प्रकरण ११८ भाग चालले, २०१४ च्या आरंभापासून २०१६ च्या मध्यापर्यंत, आणि त्यातील मुख्य धुमश्चक्री कथेतील जेमतेम एका दिवसाची होती. ते सर्वांत संथ प्रकरण म्हणून ओळखले जाते. परंतु याच प्रकरणात लुफीच्या टोळीतील सांजी, नामी यांसारखी मंडळी निम्म्यात वेगळ्या बेटाकडे रवाना झाली आणि त्यांच्या जागी कधी नाव न ऐकलेल्या डझनभर योद्ध्यांनी मैदान व्यापले, हे ध्यानात घेतले म्हणजे रोषाचा खरा पत्ता लागतो. पुढच्याच मोठ्या प्रकरणात, २०१७ ते २०१९ या काळात, तलवारबाज झोरो जवळजवळ दोन वर्षे पडद्याबाहेर होता. सरळ रस्त्यावर वाट चुकणारे पात्र म्हणून झोरो प्रसिद्धच आहे. या वेळी मात्र लेखकानेच त्याला दुसऱ्या वाटेने पाठवले होते, आणि सांजीच्या चाहत्यांना जी दोन वर्षे मेजवानीची वाटली तीच झोरोच्या चाहत्यांना उपवासाची गेली.

मराठी मालिकेत या जातीचा सर्वोत्तम दाखला अण्णा नाईकांचा आहे. २०१६ साली आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या कोकणातील वाड्याच्या रहस्यमालिकेत अण्णांचा मृत्यू आरंभीच झालेला होता आणि उरलेले सगळे पर्व त्यांच्या माघारी चालले. प्रेक्षकांनी मात्र जिवंत मंडळी सोडून मृत माणसाबद्दलच अधिक विचारणा केली असावी, कारण २०१९ साली आलेले दुसरे पर्व मागच्या काळात गेले आणि त्यात अण्णा शेवंतेसह धडधाकट अवतरले. हे पर्व कोणाला संथ वाटल्याचे ऐकिवात नाही, जरी त्याचा शेवट काय होणार हे संपूर्ण महाराष्ट्राला तीन वर्षे आधीच ठाऊक होते. शेवट माहीत असलेली गोष्ट लोक आनंदाने पाहतात आणि शेवट माहीत नसलेली गोष्ट त्यांना कंटाळवाणी वाटते, यावरून रहस्य, उत्कंठा, कथानक इत्यादी गोष्टींना समीक्षक देतात तेवढे महत्त्व प्रेक्षक देत नाही असा निष्कर्ष काढावा लागतो. त्याला माणूस हवा असतो, आणि तोही त्याने निवडलेला.

निवड न झालेल्या पात्रांची अवस्था दोन्ही देशांत सारखीच करुण आहे. ‘नारुतो’मध्ये तेनतेन नावाची एक शस्त्रनिपुण मुलगी आहे, जिला तिचे शस्त्र बाहेर काढण्याइतकीही फुरसत कथेने फारशी दिली नाही आणि जिच्या उपेक्षेवर चाहत्यांनी एक स्वतंत्र विनोदपरंपरा उभी केली. मराठी मालिकेत हीच जागा धाकट्या दिराची असते. तो पहिल्या महिन्यात क्रिकेटची बॅट घेऊन जिन्यावरून उतरतो, दुसऱ्या महिन्यात ‘वहिनी, चहा’ असे म्हणतो, आणि मग उच्च शिक्षणासाठी बंगळुरूला जातो, जिथून आजवर कोणत्याही मालिकेतील दीर परत आल्याची नोंद नाही. काही पात्रांच्या वाट्याला तर नुसते वाट पाहणेच येते. ‘डिटेक्टिव्ह कोनान’ ही मालिका जानेवारी १९९६ पासून चालू आहे. विषारी गोळीने लहान मूल बनलेला तिचा तरुण गुप्तहेर अकराशेहून अधिक भागांनंतरही मूलच आहे, कथेत अजून एक वर्षही पुरते उलटलेले नाही, आणि त्याची वाट पाहणारी रान ही मैत्रीण तितक्याच चिकाटीने वाट पाहत आहे. तिच्याबरोबर शाळेत असलेले प्रेक्षक एव्हाना शाळेच्या पालकसभेला जाऊ लागले आहेत.

गती ही तक्रारीची खरी बाब नव्हे याचा आणखी एक पुरावा पुणतांब्यासारख्या गावांत दरवर्षी उभ्या राहणाऱ्या सप्ताहाच्या मांडवात मिळतो. सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड चालणारा नामस्मरणाचा व कीर्तनांचा सोहळा. वारकरी कीर्तनात कीर्तनकार एकच अभंग निरूपणासाठी घेतो आणि दोन तास तो सोडत नाही. एका चरणावर पाऊण तास मुक्काम पडतो, मध्ये इतर संतांची वचने प्रमाण म्हणून येतात, दृष्टांत येतात, मृदंग बोलतो, टाळकरी पावली खेळतात, आणि मूळ चरण पुन्हा गाठला जातो तेव्हा तो होता तिथेच असतो. ‘वन पीस’च्या भागात आणि या रचनेत शिल्पाच्या दृष्टीने फारसा फरक दाखवता येणार नाही. तरीही ‘महाराज, पुढे सरका’ असे कोणी म्हणत नाही, कारण श्रोता ज्याच्यासाठी आलेला असतो तो विठ्ठल विटेवर आहे आणि तो अठ्ठावीस युगे हललेला नाही, हेच तर त्याचे मुख्य आकर्षण आहे. ज्या संप्रदायाच्या नायकाने एकदाही जागा बदलली नाही, त्याच्या श्रोत्यांना गतीचे वावडे असण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि आता चांगदेव महाराज, ज्यांची समाधी पुणतांब्यात गोदावरीकाठी आहे. परंपरेनुसार ते योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगले. काळ न्यायला आला की प्राण ब्रह्मांडी नेऊन ठेवायचे आणि काळ रिकाम्या हाताने परतला की पुन्हा देहात यायचे, अशी त्यांची रीत होती. या विद्येला काळवंचना, म्हणजे काळाला चुकवणे, असे म्हणतात. चांगदेव या नावाच्या एकाहून अधिक व्यक्ती इतिहासात होऊन गेल्या असाव्यात आणि त्यांच्या आख्यायिका एकात मिसळल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा एक तर्क आहे, पण प्रस्तुत विवेचनापुरता तो बाजूला ठेवणे सोयीचे. चाहता असल्या तर्कांना विचारत नाही.

आठवड्याला एक भाग या मापाने चौदाशे वर्षांचे ७२,८०० भाग होतात. एका शतकाला एक पर्व धरले तर चौदा पर्वे भरतात आणि प्रत्येक पर्वाच्या अखेरीस तोच प्रसंग येतो: काळ दारात उभा, चांगदेव आसनस्थ, प्राण वर, काळ माघारी. तिसऱ्या-चौथ्या पर्वापासून चाहते कुरकुरू लागले असते की दरवेळी तेच होते, धोका खरा वाटत नाही, नायक मरणार नाही हे आधीच माहीत आहे. ‘ड्रॅगन बॉल’च्या गोकूबद्दल, ज्याच्या केसांचा रंग बदलला की शक्ती वाढते, हीच तक्रार गेली कित्येक वर्षे चालू आहे. आणि तरीही या चौदा पर्वांतील एकही भाग कोणाला माहीत नाही. पोथ्यांनी, कीर्तनकारांनी आणि चित्रपटांनी ती सारी शतके गाळली. जगातील इतर चाहते फिलर काढा म्हणून गळे काढतात. चांगदेवांच्या बाबतीत मात्र चौदाशे वर्षांचे मूळ कथानकच फिलर समजून कापले गेले आणि उरले ते शेवटचे एक प्रकरण, तेही दुसऱ्या नायकाच्या गोष्टीत.

ते प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून चांगदेव पत्र लिहावयास बसले आणि मायन्यापाशीच अडले: वयाने चौदाशे वर्षांनी लहान असलेल्याला चिरंजीव लिहावे, की ज्ञानाने वडील असलेल्याला तीर्थस्वरूप लिहावे हे ठरेना. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला, आणि चौदाशे वर्षांत हे कोरेच राहिले असा शेरा त्यावर लहानग्या मुक्ताबाईने मारला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, ते ‘चांगदेव पासष्टी’ म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन, चौदाशे शिष्यांसह भेटीला निघाले, आणि समोरून ही चार भावंडे बसल्या भिंतीसह सामोरी आली. प्रभातच्या १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’ने ती भिंत पडद्यावर चालवली आणि तेव्हापासून मराठी मनात चांगदेव म्हणजे भिंतीसमोर वाघावरून उतरणारा म्हातारा असे समीकरण पक्के झाले.

ॲनिमेच्या चाहत्यांत पॉवर स्केलिंग नावाचे एक उपशास्त्र आहे, ज्यात कोणते पात्र कोणाला हरवू शकेल याचा सूक्ष्म हिशेब मांडला जातो आणि तो चुकला की लेखकाला धारेवर धरले जाते. या शास्त्राच्या कसोटीवर भिंतीचा प्रसंग टिकणे कठीण. एका बाजूला चौदाशे वर्षांची साधना, सजीव वाघ, सजीव साप. दुसऱ्या बाजूला १२७५ साली जन्मलेला आणि १२९६ साली समाधी घेणारा एकवीस वर्षांचा कोवळा मुलगा, ज्याने वाघ, साप अशा सजीवांच्या भानगडीत न पडता थेट निर्जीव भिंतीला हात घातला. सरावाचे प्रकरण नाही, पूर्वसूचना नाही, लढतही नाही. एका दृश्यात निकाल. त्यावर कळस म्हणजे चांगदेवांनी गुरू केले ते ज्ञानेश्वरांना नव्हे तर त्यांच्या धाकट्या बहिणीला. नव्याने आलेल्या सर्वांत लहान पात्राने सर्वांत जुन्या पात्राला शिष्य करून घ्यावे, असे आजच्या मालिकेत घडते तर चांगदेवांच्या चाहत्यांनी वाहिनीच्या दारात ठिय्या दिला असता. वारकऱ्यांनी मात्र सातशे वर्षे यावर टाळ्या वाजवल्या, कारण या गोष्टीत ते कोणाचे चाहते आहेत याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. पुणतांब्यातल्या श्रोत्याची स्थिती थोडी अवघड आहे. समाधी त्याच्या गावात, नायक आळंदीचा. कीर्तनात भिंत चालू लागली की त्याला हरलेल्या बाजूचा यजमान म्हणून हात जोडावे लागतात, आणि तो ते मोठ्या आनंदाने जोडतो.

गावाला स्वतःलाही पात्रकेंद्राच्या या अडचणीची सवय आहे. पुणतांबा हे रेल्वेचे जंक्शन आहे. साईनगर शिर्डीला जाणारा सुमारे सतरा किलोमीटरचा फाटा २००९ पासून येथूनच फुटतो, आणि त्या गाडीतील भाविक पुणतांबा स्थानकावर खिडकीतून डोकावून विचारतात ते ‘शिर्डी आली का?’ असे. ज्या गावात चौदाशे वर्षांचा माणूस विसावला आहे, त्या गावाचे नाव त्यांच्या दृष्टीने शिर्डीच्या आधीचे स्थानक एवढेच. एकदा मात्र संपूर्ण देशाचा कॅमेरा पुणतांब्यावर आला. एप्रिल २०१७ मध्ये येथील ग्रामसभेने शेतकऱ्यांनी संपावर जावे असा ठराव केला आणि १ जूनपासून महाराष्ट्रात दूध व भाजीपाला शहरांकडे जायचा थांबला. या संपाच्या कल्पनेचे श्रेय निःसंशय या गावाचे. पण तिसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत मुंबईत चर्चा होऊन संप मागे घेतल्याची घोषणा झाली, ती अनेकांना मान्य झाली नाही, आंदोलनाचे केंद्र नाशिककडे सरकले, आंदोलनाची सुकाणू समिती आली, आणि २४ जून रोजी सरकारने सुमारे ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली तोवर बातम्यांत नवी पात्रे स्थिरावली होती. या एका प्रकरणात मात्र गती जास्त झाल्याची तक्रार होती. एका रात्रीत इतके घडायला नको होते, असे पुष्कळांचे मत पडले.

इकडे ‘वन पीस’च्या चाहत्यांचे गाऱ्हाणे शेवटी ऐकले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये असे जाहीर झाले की २०२६ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत मालिका विश्रांती घेईल आणि एप्रिलपासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग येतील, म्हणजे गोष्ट मूळ चित्रकथेच्या चालीने चालू शकेल. पाव शतक जे मागितले ते मिळाल्यावर चाहत्यांच्या एका गटाने तत्काळ नवी हरकत घेतली की वर्षाचे उरलेले सव्वीस आठवडे काय करायचे, कारण दर आठवड्याला ‘आज पुन्हा काहीच घडले नाही’ असे चार मित्रांना सांगण्याची सोय या निर्णयाने काढून घेतली होती. आजीच्या टीव्हीवरही असेच घडते. ज्या मालिकेला ‘संपवा एकदाची’ म्हणून रोज शिव्या घातल्या ती एका शनिवारी खरोखरच संपते, सोमवारी त्याच वेळेला तिच्या जागी नवी मालिका लागते, आणि आजी पदराने चष्मा पुसत, पहिल्याच आठवड्यात, ही नवी मुलगी कोण, जुनी सून कुठे गेली आणि हिचे अजून लग्न कसे लागत नाही, अशी तिहेरी विचारणा नातवाकडे करते.